स्थौल्यचिकित्सेतील तिसरा स्तंभ : उष्मांक मोजावेत की अन्न निवडावे?

वजन उतरवण्यासाठी चिकित्सालयात येणारा रुग्ण हल्ली दोनपैकी एक प्रश्न हमखास विचारतो. ‘दिवसाला किती कॅलरी घ्याव्यात?’ हा एक आणि ‘काय काय बंद करू?’ हा दुसरा. पहिल्याच्या मोबाइलमध्ये उष्मांक मोजणारे अ‍ॅप असते. दुसऱ्याने भात, बटाटा, केळे आणि साखर आधीच वर्ज्य केलेली असते. वैद्यवर्गाचा कल स्वाभाविकपणे दुसऱ्याकडे असतो. द्रव्यगुण हा आपला प्रांत आणि उष्मांक हे परक्या प्रयोगशाळेतील माप, अशी आपली समजूत असते. त्यामुळे आपल्या पथ्यपत्रकांत ‘हे घ्यावे’ आणि ‘हे टाळावे’ असे दोन स्तंभ असतात. ‘किती’ हा तिसरा स्तंभ बहुधा नसतो. स्थौल्यचिकित्सेत रुग्णाची आणि पर्यायाने शास्त्राचीही हानी या तिसऱ्या स्तंभाच्या अभावी होते, असे माझे मत आहे. त्याची कारणमीमांसा प्रस्तुत लेखात केली आहे.

उष्मांकांचा हिशेब

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी अन्नातील ऊर्जेचा हिशेब बसवला. पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांच्या प्रत्येक ग्रॅमला ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या प्रत्येक ग्रॅमला ९ उष्मांक, हे त्यांचे गुणक आजही वेष्टनावरील छापील आकड्यांचा आधार आहेत. घेतलेली ऊर्जा खर्च होणाऱ्या ऊर्जेपेक्षा कमी राहिली की वजन उतरते, हे या हिशेबाचे सार होय.

हे सार नाकारता येत नाही. सन २०१० मध्ये कॅन्सस स्टेट विद्यापीठातील पोषणशास्त्राचे प्राध्यापक मार्क हॉब यांनी स्वतःवरच प्रयोग केला. दहा आठवडे त्यांचा मुख्य आहार क्रीम भरलेले केक, बिस्किटे आणि चिप्स असा होता. थोडी भाजी व प्रथिनांचे पेय जोडीला असे. मात्र एकूण मर्यादा दिवसाला सुमारे १,८०० उष्मांकांची होती. त्यांचे वजन सुमारे १२ किलोंनी उतरले. हा आहार कोणीही अनुकरणीय मानणार नाही. तरी ‘अपथ्य खाल्ले म्हणून वजन वाढलेच पाहिजे’ या गृहीतकाला त्याने धक्का दिला, हे मान्य करावे लागते. सन २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ८११ व्यक्तींना स्निग्ध, प्रथिन व पिष्ट यांचे वेगवेगळे प्रमाण असलेले चार आहार देण्यात आले. दोन वर्षांनी चारही गटांची वजनघट जवळपास सारखीच, सुमारे ४ किलो, आढळली.

आपल्याकडे सन २०१८ च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि ऋजुता दिवेकर यांच्या आहारविचारांवरून घराघरांत वाद झडले, हे वाचकांना स्मरत असेल. एकीकडे दिवसातून दोनच वेळा आणि ५५ मिनिटांच्या आत जेवण, दुसरीकडे थोड्या थोड्या अंतराने, स्थानिक व ऋतुमानानुसार खाणे. दोन्ही पक्ष परस्परविरुद्ध. पण उष्मांक मोजत बसू नका, हे सांगण्यात दोघांचे एकमत! दोन वेळा जेवणाऱ्या ज्यांचे वजन उतरले, त्यांची दुपारची बिस्किटे, चारचा गोड चहा, सायंकाळचा फरसाण आणि रात्रीचे शेवटचे दूध हे सर्व सुटले होते. न मोजताही उष्मांक घटलेच होते. सन २०२२ मध्ये चीनमधील ग्वांगझू येथील अभ्यासात १३९ स्थूल व्यक्तींना सारख्याच प्रमाणात उष्मांक कमी करण्यास सांगून निम्म्यांना सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळेत खाण्याचे बंधन घातले. वर्षअखेरीस वेळेचे बंधन पाळणाऱ्यांचे ८.० किलो आणि इतरांचे ६.३ किलो वजन घटले; हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय ठरला नाही.

मग अ‍ॅप घेऊन येणारा रुग्ण अयशस्वी का होतो?

क्षुधेचा प्रश्न

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलाचे जे आठ दोष सांगितले आहेत, त्यांत क्षुधेचा अतिरेक आणि तृष्णेचा अतियोग हे दोन आहेत. त्याची संप्राप्तीही दिली आहे. मेदाने मार्ग आवृत झाल्यामुळे वायू कोष्ठात विशेषत्वाने संचार करतो, अग्नीला प्रदीप्त करतो, आहार शीघ्र पचतो आणि रुग्ण पुन्हा अन्नाची आकांक्षा करतो. अशा रुग्णाच्या हाती १,२०० उष्मांकांचा तक्ता देणे म्हणजे पेटलेल्या चुलीवरचे भांडे नुसते उचलून घेण्यासारखे आहे. तो आठ दिवस तक्ता पाळतो, नवव्या दिवशी लग्नाच्या पंगतीत सारे भरून काढतो. त्याच्या मनोनिग्रहाला दोष देऊन चिकित्सक मोकळा होतो, ही बाब मला अनुचित वाटते. संप्राप्ती मनोनिग्रहाने मोडत नसते.

येथे द्रव्याची निवड निर्णायक ठरते. सन २०१९ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २० व्यक्तींना चार आठवडे दाखल करून घेतले. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे, घरगुती पद्धतीचे अन्न त्यांच्यापुढे मांडले. मांडलेल्या अन्नातील उष्मांक, साखर, स्निग्धांश, तंतू व मीठ यांचे प्रमाण दोन्ही वेळी सारखे ठेवले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात त्यांनी दररोज सुमारे ५०० उष्मांक अधिक घेतले व वजन ०.९ किलो वाढले. साध्या अन्नाच्या काळात ते तेवढेच घटले. वजन बदलले ते उष्मांकांमुळेच. पण ते किती घेतले जावेत, हे अन्नाच्या स्वरूपाने ठरवले.

त्यापूर्वी सन १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुसाना होल्ट यांनी ३८ पदार्थांचे प्रत्येकी २४० उष्मांकांचे भाग देऊन कोणता पदार्थ किती तृप्ती देतो हे तपासले. सर्वाधिक तृप्ती देणारा पदार्थ ठरला उकडलेला बटाटा! आपल्या पथ्यपत्रकांत बटाट्यावर सरसकट फुली असते. उकडलेला बटाटा, तुपात परतलेला बटाटा आणि वेफर यांत संस्काराने पडणारे अंतर त्या फुलीत दिसत नाही.

शास्त्रकारांनी स्थूलासाठी ‘गुरु आणि अपतर्पण’ असे द्विविध गुणांचे अन्न सांगितले, याचे मर्म आता ध्यानात यावे. प्रदीप्त अग्नी आणि कुपित वायू यांना गुंतवून ठेवील एवढे गुरु, आणि तरीही मेदाचे पोषण न करणारे. केवळ लघु अन्न दिले तर क्षुधा शमत नाही. केवळ गुरु दिले तर मेद वाढतो. यव, श्यामाक, कोद्रव, जूर्णाह्व म्हणजे आपला जोंधळा, मूग, कुळीथ, तूर, जोडीला पटोल व आवळा, ही तेथील भोजनद्रव्ये पाहावीत. चावावी लागणारी, रूक्ष, पोट भरणारी. उष्मांकांचा तक्ता अपतर्पण मोजू शकतो. गुरुत्व मोजण्याचे साधन त्याच्याजवळ नाही. सन २०२५ मध्ये भारतीय बाजारात स्थौल्यासाठी आलेली टिर्झेपेटाइड व सेमाग्लुटाइड ही इंजेक्शनेही मुख्यतः भूक मंदावून आणि जठर रिते होण्याचा वेग कमी करूनच काम करतात. क्षुधा हेच मर्मस्थान आहे, याला ही आधुनिक पुष्टी होय.

राशीचा विसर

येथवर वाचून ‘म्हणजे आमचा द्रव्यविचारच श्रेष्ठ’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायातील आठ आहारविधिविशेषायतनांत प्रकृती आहे, करण आहे, संयोग आहे, आणि राशीही आहे. राशीचे पुन्हा दोन भाग : सर्वग्रह म्हणजे संपूर्ण आहाराचे एकत्रित प्रमाण आणि परिग्रह म्हणजे त्यातील एकेका द्रव्याचे प्रमाण. आजच्या भाषेत, दिवसाचे एकूण उष्मांक हा सर्वग्रहाचा एक अंदाज आणि तुपाचे चमचे हा परिग्रह. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात तर आपल्या शीर्षकातील वादाचेच उत्तर आहे. स्वभावतः लघु असलेले शाली, षष्टिक, मूगसुद्धा मात्रेची अपेक्षा ठेवतात, असे सांगून आचार्य लगेच बजावतात की, म्हणून द्रव्याचा गुरुलघुविचार निरर्थक समजू नये. दोन्ही वाक्ये सलग आहेत. आपण दुसरे तेवढे पाठ केले.

व्यवहारात याचे काय होते, ते एका रुग्णेच्या वृत्तावरून स्पष्ट होईल. वय ४६, व्यवसाय अध्यापन, वजन ८२ किलो, कटिपरिघ ९८ सेंटिमीटर. बाहेरचे खाणे नाही, साखर नाही, मैदा नाही. सर्व काही ‘आयुर्वेदिक’ : सकाळी कोमट पाण्यात दोन चमचे मध, भिजवलेले पंधरा बदाम, चार खजूर, दोन्ही जेवणांत मिळून चार चमचे साजूक तूप आणि भाकरीबरोबर दाण्याची चटणी, रोज सुमारे ३० ग्रॅम. (उष्ण जलासह मधाचा निषेध आपण सर्वांनी अभ्यासला आहे, तरी हा पाठ समाजात आयुर्वेदाच्याच नावाने रूढ आहे, हे विशेष.) हिशेब केला तो असा : मध ४०, बदाम १०५, खजूर ९०, तूप १८०, चटणी १६५, म्हणजे मुख्य भोजनाखेरीज सुमारे ५८० उष्मांक. बदामांपुरता हा आकडा थोडा चढाच आहे. सन २०१२ च्या एका अमेरिकन अभ्यासात २८ ग्रॅम बदामांपासून शरीराला छापील १७० ऐवजी सुमारे १२९ उष्मांकच मिळतात असे आढळले. परंतु तुपाला अशी सवलत नाही.

त्यात आठवड्याचे दोन उपवास. ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचे कूट आणि २० ग्रॅम तूप घालून केलेली खिचडी सुमारे ५३० उष्मांकांची होते, बटाटा वेगळाच. उपवासाच्या दिवशी अशा दोन बशा सहज जातात. लंघनाच्या नावाखाली संतर्पण चालू होते!

रुग्णेला उष्मांकांचा तक्ता दिला नाही. द्रव्ये बहुतेक तीच ठेवून परिग्रह बदलला : तूप एक चमचा, चटणी एक चमचा, बदाम पाच, खजूर व मध बंद. प्रत्येक जेवणात कुळीथ किंवा मुगाचे घट्ट कढण आणि भाकरीच्या दुप्पट भाजी. उपवासाला खिचडीऐवजी भगर व ताक. दाण्याची आमटी मात्र निक्षून वर्ज्य केली, कारण ती आली की भगरीचे सारे पुण्य वाया जाते. चालणे क्रमाने २० मिनिटांवरून ५० मिनिटांवर नेले. भुकेची तक्रार पहिल्या दहा दिवसांपुरती राहिली. सात महिन्यांत वजन ७४.५ किलो व कटिपरिघ ९० सेंटिमीटर झाला. पाचव्या महिन्यानंतर घट मंदावली. देह हलका झाला की त्याचा ऊर्जाव्ययही घटतो, हे रुग्णेला आधीच सांगितलेले असल्याने ती निराश झाली नाही. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण राशीची दिशा दाखवण्यास हे वृत्त पुरेसे आहे.

भाकरी, पोळी आणि तेलाचा डबा

‘पोळी सोडून भाकरी सुरू केली, तरी वजन तेवढेच’ ही तक्रार नित्याची आहे. ज्वारीचे व गव्हाचे पीठ यांच्या उष्मांकांत नाममात्र अंतर आहे. १०० ग्रॅमला दोन्ही ३५० च्या आगेमागे. भाकरीचा लाभ वेगळ्या कारणाने होतो. तिला तेल लागत नाही, ती सावकाश चावावी लागते आणि दोन भाकरींनंतर हात थांबतो. तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवला आणि सोबत तेलाच्या तवंगाचे पिठले घेतले की हा लाभ संपतो.

तेलाविषयी रुग्ण प्रांजळपणे ‘आमच्याकडे कमीच वापरतात’ असे सांगतो. त्याला चमचे विचारू नयेत, महिन्याचा डबा विचारावा. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटरचा डबा संपत असेल तर ते सुमारे ४.६ किलो तेल होते. प्रत्येकाच्या वाट्याला दररोज ३८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ३४५ उष्मांक. भात सोडून जे साधत नाही ते डबा साडेतीन लिटरवर आणल्याने साधते, आणि घरातील इतरांचेही कल्याण होते.

कर्शन कोणत्या धातूचे?

वजनकाट्याला मेद आणि मांस यांतील भेद कळत नाही. सन २००४ मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघांचा देहभारांक २२.३, परंतु युडकिन यांच्या देहात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के मेद. आपल्याकडील अनेक रुग्ण या दुसऱ्या प्रकारचे असतात. त्यांना केवळ उष्मांक घटवून फळांचे रस आणि पातळ सूप यांवर ठेवले तर काटा खाली येतो, पण मांसधातूही क्षीण होतो आणि चार महिन्यांनी वजन परतते ते मेदाच्या रूपाने. म्हणून कढण, डाळी, ताक, आणि मांसाहारी असल्यास मासे किंवा जांगल मांस, यांचा परिग्रह कमी करू नये. नोंद ठेवताना वजनाबरोबर कटिपरिघ प्रत्येक भेटीत मोजावा. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा आता सर्वमान्य आहे.

स्थौल्यासाठी सांगितलेल्या व्यायाम, चिंतन, प्रजागर आदी उपायांपैकी प्रजागराचा उपयोग आज विवेकाने करावा. दिवास्वाप अवश्य बंद करावा. परंतु रात्री एक वाजेपर्यंत पडद्यासमोर बसणाऱ्याला आणखी जागरण सांगण्यात अर्थ नाही. त्याची मध्यरात्रीची भूक आणि फरसाणाचा डबा यांचा संबंध आहारवृत्तात आधी नोंदवावा. आहारवृत्तही रुग्णाच्या स्मरणावर न सोडता तीन दिवसांचे लिहून आणावयास सांगावे. त्यातील एक दिवस रविवार असावा आणि एक उपवासाचा.