संगणकाच्या पोटात – लेखांक ७ : अर्ध्या सेकंदाचा उशीर

मागच्या लेखांकात आपण पाहिलं, की आजचं कोणतंही सॉफ्टवेअर एकट्याच्या जिवावर उभं नसतं. आपण दोन-चार पॅकेजं घेतो, ती आपापली दहा-वीस ओढून आणतात, त्यांची पुन्हा वेगळी. यातल्या एखाद्यात कुणी मुद्दाम विष कालवलं तर काय, हा प्रश्न तिथे राहिला होता. आजचा सगळा लेख एकाच प्रकरणाला दिला आहे, कारण त्यात या प्रश्नाच्या बहुतेक सगळ्या बाजू सापडतात.

मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधले अभियंते आणि पोस्टग्रेस डेटाबेसचे विकसक. डेबियन लिनक्सच्या अजून पक्क्या न झालेल्या आवृत्तीवर ते गती मोजण्याचं काम करत होते. एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर लॉगइन करण्याचं साधन, प्रोसेसरला नको तितकं राबवतंय, हे त्यांच्या नजरेत आलं. एरवी साधारण ०.३ सेकंदात उरकणारं काम ०.८ सेकंद घेत होतं. अर्ध्या सेकंदासाठी सहसा कुणी थांबत नाही. ते थांबले आणि धागा सोडवत गेले. २९ मार्चला त्यांनी जाहीर केलं, की ‘एक्सझेड’ या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदार आहे. विशिष्ट गुप्त किल्ली जवळ असलेल्याला त्यातून सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता आली असती. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा गुण मिळाले.

एक्सझेडचं काम फाइली दाबून लहान करण्याचं. त्याचा लॉगइनशी काय संबंध? मूळ ओपनएसएसएच त्याला हातही लावत नाही. पण डेबियन, फेडोरा अशा काही वितरणांनी त्यात स्वतःची एक भर घातली होती. सेवा सुरू झाली की ‘मी तयार आहे’ असा निरोप लिनक्समधल्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या सिस्टिमडीला जावा, एवढ्यासाठी. त्या निरोपासाठी सिस्टिमडीची लायब्ररी आली आणि तिच्या पाठोपाठ एक्सझेडची लायब्ररी आली. कुलूप चांगलं होतं, पण कुलपाच्या खोलीत एक परका माणूस येऊन बसला आणि त्याला कुणी बोलावलं होतं, हे कुणाच्या लक्षातही नव्हतं.

चोरी मात्र माणसांपासून सुरू झाली, आणि मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच वाटतो. एक्सझेड वर्षानुवर्षं सांभाळत होते फिनलंडचे लास्से कॉलिन, बिनपगारी, फावल्या वेळात. २०२१ मध्ये ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी छोट्या-छोट्या दुरुस्त्या पाठवू लागलं. काम नीटनेटकं होतं. २०२२ मध्ये आणखी काही अनोळखी नावं पुढे आली आणि कामाला उशीर होतोय, दुसऱ्या कुणाकडे सोपवा, असा तगादा कॉलिन यांच्यामागे लावू लागली. कॉलिन यांनी मनाच्या दीर्घकाळच्या आजाराबद्दल मोकळेपणाने लिहिलं, हा बिनपगारी छंद आहे याचीही आठवण करून दिली. तगादा चालूच राहिला. ती नावं खरी माणसं नसून एकाच हाताचे मुखवटे असावेत, असा संशय नंतर अनेक तपासकांनी घेतला. हळूहळू जिया टॅनला अधिकार मिळाले आणि नव्या आवृत्त्या तोच प्रसिद्ध करू लागला. आजारी, थकलेल्या माणसाच्या चांगुलपणाचा असा हिशेबाने वापर करणं मला त्या चोरदाराहून अधिक निर्दय वाटतं.

लपवण्याची कला पाहण्यासारखी आहे. फाइली दाबणाऱ्या प्रोग्रॅमला चाचणीसाठी मुद्दाम बिघडवलेल्या फाइली लागतातच, म्हणून तिथे अगम्य बायनरी दिसली तर कुणी दचकत नाही. विष त्यातच भरलं होतं. ते बाहेर काढणारी स्क्रिप्ट सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या भांडारात नव्हतीच. ती फक्त प्रसिद्ध केलेल्या संग्रहात, म्हणजे वितरणं जो उतरवून घेतात त्या गठ्ठ्यात होती. आणि एका ठिकाणी तर नुसतं एक टिंब. लिनक्सची ‘लँडलॉक’ ही संरक्षक सोय उपलब्ध आहे का, हे तपासणाऱ्या छोट्या तुकड्यात एक जास्तीचं टिंब घुसवलं होतं. त्यामुळे तो तुकडा कधीच कंपाइल होत नसे, सोय नाही असा निष्कर्ष निघे आणि संरक्षण गुपचूप बंद राही. हजार ओळी तपासताना हे टिंब पकडणारा डोळा विरळाच.

डेबियनच्या पक्क्या आवृत्तीपर्यंत हे पोचलं नाही. डेबियन आणि फेडोराच्या चाचणी आवृत्त्या, ओपनसूसे टंबलवीड, काली लिनक्स अशा काहींतच ते सापडलं. जिया टॅन कोण, हे आजही सिद्ध झालेलं नाही.

मग आपण काय करायचं? आपल्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं काय-काय आहे, याची यादी ठेवा, असं आता सगळे सांगतात. तिला एसबॉम म्हणतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०२४ मध्ये तिच्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्याच वर्षी सेबीच्या सायबर सुरक्षा चौकटीतही ती आली, म्हणजे मुंबईच्या शेअर दलालांच्या कचेऱ्यांनाही तिच्याकडे पाहणं भाग आहे. यादी हवीच. २९ मार्चच्या रात्री ज्यांच्याकडे ती होती, त्यांना ५.६.१ कुठे आहे हे लगेच शोधता आलं. पण २८ तारखेला त्या यादीत एक्सझेडपुढे काही वावगं दिसलं नसतं. तिथे आवृत्तीचा आकडा असतो. सांभाळणारा माणूस एकटा आहे का, थकला आहे का, त्याच्यावर कुणी दबाव आणतंय का, याचा रकाना नसतो. तो आपल्याला स्वतः भरावा लागेल. ज्या कंपन्यांचा धंदा अशा पॅकेजांवर चालतो, त्यांनी आपल्या अभियंत्यांचे काही तास आणि थोडा पैसा तिकडे वळवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. जर्मनीने सॉव्हरिन टेक फंड काढून सरकारी पैशातून हे सुरूही केलं आहे.

पुढच्या आठवड्यात लॉकफाइल, म्हणजे प्रोजेक्टमधल्या पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद, उघडून ओळीओळीने वाचू. नोडचं एखादं जुनं प्रोजेक्ट हाताशी ठेवा.