पुढे तोडायचंच आहे, मग बाथरूमला फरशी कोणती?

अहिल्यानगर जिल्ह्यात पुष्कळ घरं टप्प्याटप्प्याने उभी राहतात. आधी दोन खोल्या, चार पैसे हातात आले की स्लॅब, मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला. मग बाथरूमची फरशी निवडताना हमखास सल्ला मिळतो : ‘पुढे तोडायचंच आहे, आत्ता स्वस्तातलं काहीतरी टाका.’ फरशीपुरता तो एकवेळ चालेल. पण काटकसर तेवढ्यावर थांबत नाही. फरशीखालचं वॉटरप्रूफिंग, उतार आणि पाइप यांतही ती उतरते आणि खरं नुकसान तिथे होतं. टाइल नंतर बदलता येते. खाली मुरलेलं पाणी मात्र नूतनीकरणाची वाट पाहत नाही.

या काटकसरीमागे ‘टाइल बसवली म्हणजे पाणी अडलं’ हा गैरसमज असतो. चांगली व्हिट्रिफाइड टाइल 0.5 टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाही, हे खरं. पण पाणी जातं ते सांध्यांतून आणि नहाणी ट्रॅपच्या कडेने. श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, शेवगाव या पट्ट्यांतल्या काळ्या मातीवरच्या घरांना याचा फटका जास्त बसतो. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. तळमजल्याच्या बाथरूममधून पाणी झिरपत राहिलं, तर तेवढाच भाग फुगतो आणि फरशीच काय, भिंतही तडकू शकते. म्हणून भरावातली काळी माती काढून मुरूम भरून ठोकणं, वर वॉटरप्रूफिंग करणं आणि फरशी बसवण्याआधी निदान 24 तास पाणी साठवून पाहणं, यात कसर नको. दोन-तीन वर्षांत बदल नक्की असेल, तर त्यावर उतार देऊन खरखरीत सिमेंटचा कोबा केला तरी चालेल. टाइलचे पैसे वाचतात.

यावर कुणी म्हणेल, ‘मग जुन्या टाइलवरच नवी चिकटवता येते, तोडायचं कशाला?’ टाइल ॲडेसिव्ह वापरून ते जमतं, पण जुनी टाइल कुठेही पोकळ वाजत नसेल आणि खाली गळती नसेल तरच. शिवाय फरशी साधारण 12 ते 15 मिलिमीटर उचलली जाते. दार अडकतं, उंबरा तोकडा पडतो, ट्रॅप खड्ड्यात जातो. पुढे हे करायचा विचार असेल, तर बाथरूमची पातळी आत्ताच बाहेरच्या खोलीपेक्षा पुरेशी खाली ठेवायला हवी.

मोठी टाइल, कमी सांधे, म्हणून ती चांगली, हेही बाथरूमच्या जमिनीला लागू होत नाही. ट्रॅपकडे चारही बाजूंनी उतार द्यायचा तर एक फुटाची, म्हणजे 300 बाय 300 मिलिमीटरची खरखरीत टाइल सोयीची. उद्या नळजोडणीसाठी फोडावं लागलं, तरी मोजकेच तुकडे जातात. शहाबादी किंवा कोटा फरशीला जुनाट समजून नाकारण्याचं कारण नाही. जाड आणि मजबूत असते, जपून काढली तर अंगणात पुन्हा लावता येते. पण हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग घालवायला ॲसिड ओतलं, तर दगडच खाल्ला जातो. ॲसिड सिमेंटचे सांधेही सोडत नाही, त्यामुळे टाइल लावली म्हणून ते वापरायला मोकळीक मिळत नाही.

‘तीच टाइल नंतर मिळेल’ यावर मात्र अजिबात विसंबू नका. डिझाइन बंद होतात आणि तेच डिझाइन मिळालं, तरी वेगळ्या बॅचची छटा जुळेलच असं नाही. एक बॉक्स जादा घ्या, त्यावरचा बॅच नंबर जपा. पुढे कमोड बसवायचा असेल, तर त्याचा 110 मिलिमीटरचा पाइप आत्ताच टाकून टोपीने बंद करून ठेवा. आणि कोबा पडण्याआधी सगळ्या पाइपांचे, टेप लावून मोजमाप दिसेल असे फोटो काढून ठेवा.