नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळांतला एक

हातात धरून खेळायच्या कन्सोलसाठी डाउनलोड करता येणारे जुने खेळ आणि कोडी आज इतकी आहेत, की सगळी मेहनत निवडण्यात जाते. ही अडचण नवी नाही. नव्वदच्या दशकात जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या ‘ब्रिक गेम’च्या खोक्यावर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे. आत खेळ जेमतेम डझनभर. वेग बदलला, सुरुवातीच्या दोन ओळी आधीच भरून दिल्या, की तोच खेळ नव्या क्रमांकाने पुन्हा हजर. टीव्हीला जोडायच्या ‘कॅसेटीं’चीही तीच कथा. आजच्या ऑनलाइन दुकानांत आकडा खरा असतो, पण एकाच कल्पनेच्या शेकडो नकला तशाच रांगेत उभ्या असतात.

खेळ कुठे आणि किती वेळ खेळला जाणार, हे आधी ठरले तर ही रांग बरीच आखडते. चेन्नईतले गिंडी या दृष्टीने सोयीचे उदाहरण आहे. १९५८ सालची औद्योगिक वसाहत, १७९४ च्या सर्वेक्षण शाळेपासून वाढलेले अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शेजारी उपनगरी रेल्वे व मेट्रोची स्थानके यांमुळे इथली गर्दी मुख्यतः ये-जा करणाऱ्यांची. गिंडीहून मेट्रोने सेंट्रलला पोहोचायला साधारण वीस मिनिटे लागतात. लिटल माउंटपर्यंत गाडी उन्नत मार्गावरून जाते आणि सैदापेटच्या आधी भुयारात शिरते. या वीस मिनिटांत खेळायचा खेळ चटकन सुरू झाला पाहिजे, स्थानक आले की जिथल्या तिथे थांबला पाहिजे आणि नेटवाचून चालला पाहिजे. सतत सर्व्हरशी बोलणारे खेळ इथेच बाद होतात. उरतात ते बहुतांशी जुने खेळ आणि कोडी.

जुन्या खेळांतही सगळेच टिकलेले नाहीत. ज्यांची मजा त्या काळच्या चित्रांच्या नवलाईत होती, ते आज केविलवाणे दिसतात. ज्यांची मजा नियमांत होती, ते ताजे राहिले. अलेक्सी पाजितनोव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत लिहिलेला टेट्रिस हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. निंटेन्डोच्या १९८९ च्या गेम बॉय या हातयंत्राच्या हिरवट पडद्यावर तो जसा खिळवून ठेवत होता, तसाच आजही ठेवतो. नोकियाच्या ६११० फोनवर १९९७ मध्ये आलेल्या ‘स्नेक’चेही तेच. व्हिडिओ गेम हा शब्दही न उच्चारलेल्या कित्येक भारतीयांनी आयुष्यातला पहिला असा खेळ त्या सापाशीच खेळला. नोकियाचे फोन पुढे गिंडीपासून फार लांब नसलेल्या श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात तयार होत. तो कारखाना २००६ मध्ये सुरू झाला आणि २०१४ मध्ये बंद पडला. साप मात्र अजून वळवळतो आहे.

जुना खेळ नव्या पडद्यावर कसा दिसतो, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो अर्धी मजा ठरवतो. गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा होता. निंटेन्डो स्विचचा पहिला पडदा १२८० बाय ७२० ठिपक्यांचा. १४४ ची पाचपट बरोबर ७२०. त्यामुळे जुना प्रत्येक ठिपका पाच बाय पाचचा चौकोन होतो आणि चित्र धारदार उमटते. पडदा पूर्ण भरण्याच्या हट्टाने तेच चित्र आडवे ताणले, तर टेट्रिसचे चौकोनही लांबट होतात. म्हणून चांगल्या आवृत्तीत मूळ प्रमाण राखण्याची सोय असते. कुठल्याही क्षणी जतन करणे आणि चूक झाल्यास थोडे मागे जाणे या सोयीही बहुधा असतात. मूळ खेळ फार निर्दय असतील, तर या दोन सोयींनी ते सुसह्य होतात.

असे खेळ अधिकृतपणे मिळण्याचे मार्ग मोजके आहेत. निंटेन्डोची वर्गणीची सेवा २०१८ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तिच्यात गेम बॉयचे खेळ आले. पहिल्याच यादीत टेट्रिस होता. १९९५ चा ‘पानेल दे पोन’ हा रंगीत चौकोन जुळवण्याचा जपानी खेळही तिच्यात आहे. मजकूर जपानी असला तरी पाच मिनिटांत समजतो, आणि त्या यादीतल्या अनेक गाजलेल्या नावांपेक्षा तो सरस आहे. वर्गणी तपासण्यासाठी कन्सोल सात दिवसांतून एकदा तरी नेटला जोडावा लागतो, हे लांबच्या प्रवासाआधी ध्यानात ठेवण्यासारखे. दुसरा मार्ग संग्रहांचा. डिजिटल इक्लिप्सने २०२२ मध्ये काढलेल्या ‘अटारी ५०’मध्ये खेळांबरोबर त्यांच्या निर्मात्यांच्या मुलाखती आणि जुनी कागदपत्रेही आहेत, त्यामुळे तो अर्धा खेळ आणि अर्धे संग्रहालय झाला आहे. हॅम्स्टर ही जपानी कंपनी जुने आर्केड खेळ सुटे विकते. संग्रहातले वीस खेळ एकदाही न उघडणाऱ्याला सुटी खरेदी स्वस्त पडते.

हजारो खेळ आधीच भरलेल्या मेमरी कार्डासह मिळणारी स्वस्त हातयंत्रे हा ९९९९ इन १ चा नवा अवतार. यंत्रे पुष्कळदा चांगली असतात. कार्डावरचे खेळ मात्र जवळजवळ नेहमी परवानगीवाचून उतरवलेले. भारतीय कॉपीराइट कायद्याने संगणक प्रणालीला साहित्यकृतीचे संरक्षण दिले आहे. कलम ५२ त कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला राखीव प्रत करण्याची मुभा आहे, पण ती स्वतःच्या प्रतीपुरती. या यंत्रांवर निर्धास्त खेळता येण्याजोगेही बरेच काही आहे, कारण हौशी मंडळी गेम बॉयसाठी आजही नवे खेळ लिहीत असतात. ‘टोबू टोबू गर्ल’ आणि ‘लिबेट अँड द मॅजिक फ्लोअर’ हे दोन्ही त्यांच्या कर्त्यांनीच मोफत खुले केले आहेत. दुसरा तर थेट कोड्याचाच खेळ आहे.

कोड्यांच्या खेळांची जात ओळखली की निवड सोपी होते. एक जात पतनाची: तुकडे पडत राहतात, हात चालवावा लागतो. टेट्रिस आणि ‘डॉक्टर मारिओ’ हे तिचे घराणे. दुसरी जात सुडोकूसारखी, कागदी तर्काची. १९८७ च्या सुमारास जपानमध्ये नोन इशिदा आणि तेत्सुया निशियो यांनी स्वतंत्रपणे शोधलेले नोनोग्राम याच कुळातले. कडेला दिलेल्या आकड्यांवरून चौकोन रंगवत गेले की चित्र उमटते. निंटेन्डोने १९९५ च्या ‘मारिओज पिक्रॉस’ने ते हातयंत्रावर आणले आणि ज्युपिटर या कंपनीने ‘पिक्रॉस एस’ मालिकेतून आजपर्यंत चालू ठेवले. पंधरा बाय पंधराचे एक कोडे आणि गिंडी ते सेंट्रलचा प्रवास यांचा मेळ छान बसतो. अर्धवट सोडले तरी परतीच्या गाडीत ते तसेच वाट पाहत असते.

तिसरी जात ढकलण्याची, आणि ती सर्वांत सुपीक. हिरोयुकी इमाबायाशी यांचा ‘सोकोबान’ १९८२ मध्ये आला. गोदामातला कामगार खोकी ढकलतो. ओढता येत नाहीत, म्हणून एक चुकीचा धक्का पुरा डाव बिघडवतो. एवढ्या एका नियमावर चाळीस वर्षे नवे खेळ उभे राहत आहेत. फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांच्या ‘बाबा इज यू’मध्ये (२०१९) खोक्यांऐवजी शब्द ढकलायचे असतात. ‘वॉल इज स्टॉप’ हे तीन शब्द ओळीतून हलवले की भिंत आडवी येतच नाही. इथला बाबा म्हणजे एक पांढरा प्राणी. मराठी खेळाडूला सुरुवातीला उगाच वडिलांना ढकलल्यासारखे वाटते. दोनशेहून अधिक टप्पे आहेत आणि मधले काही दिवसचे दिवस डोक्यात घोळत राहतात. वेळ घालवण्यासाठी खेळणाऱ्याने मात्र तो टाळावा.

चेन्नईच्या वाचकाला जवळचे वाटेल असे कोडे टोरंटोच्या व्हिसाई गेम्सने ३१ जुलै २०२३ रोजी प्रसिद्ध केले. ‘वेणबा’ ही १९८० च्या दशकात कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची गोष्ट. आईची पाककृतींची वही फाटली आहे, शाई पुसली आहे. उरलेल्या खुणांवरून इडली, पुट्टू, बिर्याणी कशी करायची याचा अंदाज बांधत कोडी सुटतात. इडलीपात्रातून वाफ कशी फिरते, हे ठाऊक असलेल्या घरात पहिले कोडे क्षणात सुटते. दीडेक तासात संपणाऱ्या या खेळाला २०२४ मध्ये स्वतंत्र खेळांच्या महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक आणि बाफ्टाचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. कोडी म्हणून तो सोपा आहे. गोष्ट म्हणून पैसे वसूल करतो.

पैसे न देता कोडी हवी असल्यास सायमन टॅथम यांचा मोफत संग्रह नावाजण्यासारखा आहे. चाळीसच्या आसपास प्रकार, प्रत्येक वेळी नवे कोडे, जाहिरात नाही. दिसायला अगदी रुक्ष.

विकत घेण्याआधी चार-दोन गोष्टी तपासलेल्या बऱ्या. नमुना आवृत्ती असेल तर आधी ती. चित्रफितीत पडद्यावरची अक्षरे केवढी दिसतात ते पाहावे, कारण मोठ्या टीव्हीसाठी आखलेला मजकूर हातातल्या पडद्यावर मुंगीएवढा होतो. स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या स्टीम डेक या हातयंत्रावर चालणाऱ्या खेळांना मिळणाऱ्या ‘व्हेरिफाइड’ खुणेच्या निकषांत अक्षरांची वाचनीयताही धरलेली असते. शिवाय स्टीमवर किमती रुपयांत असतात आणि विकत घेतल्यापासून चौदा दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असल्यास, पैसे परत मागता येतात. कोडे आवडणार की नाही, ते दोन तासांत नक्की कळते. कायम नव्वद टक्के सवलतीत दिसणाऱ्या खेळाची मूळ किंमत बहुधा नावापुरतीच असते.

डाउनलोड केलेला खेळ किती काळ आपला राहतो, ही यातली नाजूक बाजू. निंटेन्डोच्या थ्रीडीएस यंत्राचे ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी विक्रीसाठी बंद झाले. ‘पुशमो’ हे ठोकळे ओढण्याचे सुरेख कोडे (२०११) त्या यंत्रावर फक्त डाउनलोड म्हणूनच मिळत होते. ज्यांनी आधी घेतले त्यांच्याकडे ते राहिले, इतरांसाठी दार मिटले. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. बहुतेक दुकाने खेळ विकतात म्हणजे वापराचा परवाना विकतात. जीओजी या दुकानाची रीत वेगळी आहे: तिथल्या खेळाची पूर्ण फाइल उतरवून स्वतःच्या कार्डावर ठेवता येते आणि ती चालवायला पुन्हा दुकानाची परवानगी लागत नाही. स्टीम डेकसारख्या यंत्रावर तो खेळ बसवायला थोडी खटपट पडते, एका संध्याकाळची.