रात्र ओलांडणारे विमान

लोहगडवाडीतल्या घराच्या पत्र्यावर मी सोलरची प्लेट बसवली, तेव्हा वाटले होते की खरे काम प्लेटचे. ते निघाले बॅटरीचे. पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून मी बॅटरी बंद पेटीत ठेवली, वरून गोणपाट गुंडाळले. ते काढायचे राहून गेले आणि वैशाखात बॅटरी तापून फुगली, निकामी झाली. चूक माझीच. पुढे सौरविमानांविषयी वाचू लागलो, तेव्हा कळले की याच जातीची चूक मोठमोठ्या अभियंत्यांच्या हातूनही झाली होती, आणि तीही पॅसिफिक महासागरावर.

उन्हाच्या बळावर माणसाने उडणे तसे जुने आहे. ७ जुलै १९८१ रोजी ‘सोलर चॅलेंजर’ हे विमान पॅरिसजवळून निघाले आणि इंग्लिश खाडी ओलांडून २६२ किलोमीटरवर इंग्लंडात उतरले. त्यात वीज साठवणारी बॅटरी नव्हतीच. सौरघटांची वीज थेट मोटरीला मिळे. ऊन संपायच्या आत जमीन गाठायची, एवढीच त्याची मर्यादा. म्हणजे दूरच्या प्रवासातला खरा अडसर अंतर नव्हते, रात्र होती.

ती ओलांडण्यासाठी स्वित्झर्लंडच्या बर्ट्रांड पिकार आणि आंद्रे बोर्शबर्ग यांनी ‘सोलर इम्पल्स २’ उभे केले. ९ मार्च २०१५ रोजी ते अबू धाबीहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि मस्कतमार्गे १० मार्चच्या रात्री अहमदाबादला उतरले. पंखांचा पसारा ७२ मीटर, वजन मात्र २,३०० किलो, एखाद्या मोठ्या जीपएवढे. अंगावर १७,२४८ सौरघट. वजनातला चौथ्या हिश्शाहून अधिक भाग, ६३३ किलो, नुसत्या बॅटऱ्यांचा. बसायला जागा एकाचीच, म्हणून दोघे आळीपाळीने चालवत.

मग आणखी बॅटऱ्या का नाही लावल्या? कारण प्रत्येक जादा किलो उचलून धरायला पुन्हा वीजच लागते. त्यावर त्यांनी जो उपाय केला, तो आम्हा मावळकरांना परका वाटू नये. टाटांच्या जलविद्युत योजनेने वळवण, लोणावळा, शिरोता या तलावांत घाटमाथ्यावरचे पावसाचे पाणी अडवले. ते नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीच्या वीजघरात सोडून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. तलावातले पाणी म्हणजे उंचीवर ठेवलेली ऊर्जाच. या विमानाने पाण्याच्या जागी स्वतःलाच उचलले. दिवसा ऊन असेतो बॅटऱ्या भरायच्या आणि जोडीने सुमारे ८,५०० मीटरपर्यंत चढायचे. सूर्य मावळला की मोटरींवर फारसा भार न टाकता काही तास तरंगत १,५०० मीटरच्या आसपास यायचे. तिथून पुढे पहाटेपर्यंत बॅटरी.

हिशेब साधा आहे. २,३०० किलो वजन ७,००० मीटर उचलले, तर सुमारे ४४ युनिट ऊर्जा उंचीत साठते. बॅटऱ्यांची क्षमता साधारण १६५ युनिट. म्हणजे नुसत्या उंचीने बॅटरीच्या पाव भागाएवढा साठा मिळतो, आणि तोही एक किलो वजन न वाढवता.

या युक्तीची कसोटी लागली जपानमधल्या नागोयाहून हवाईकडे जाताना. जून २०१५ च्या अखेरीस बोर्शबर्ग एकटे निघाले. वीस-वीस मिनिटांच्या डुलक्या घेत त्यांनी ११७ तास ५२ मिनिटांत ८,९२४ किलोमीटर पार केले. पण पहिल्याच दिवशीच्या चढाईत बॅटऱ्या तापल्या. वरच्या कडाक्याच्या थंडीपासून जपण्यासाठी त्यांना जे आवरण दिले होते, ते गरजेपेक्षा जास्त ठरले. उष्णता बाहेर पडेना. आणि त्यांना विसावा देणेही शक्य नव्हते, कारण रात्र काढायची तर रोज तीच चढाई करणे भाग होते. विमान सुखरूप उतरले, पण बॅटऱ्या बदलून पुढच्या टप्प्यावर निघायला एप्रिल २०१६ उजाडले. २६ जुलै २०१६ रोजी, १७ टप्प्यांनंतर, प्रदक्षिणा अबू धाबीला पूर्ण झाली.

आता उद्या आपण सौरविमानाने मुंबई-दिल्ली करू का? नाही. हवाईच्या त्या प्रवासातला सरासरी वेग ताशी ७५ किलोमीटर पडतो, द्रुतगती मार्गावरच्या बसहूनही कमी. या विद्येचा पुढचा उपयोग माणूस न बसवता आहे. ‘झेफायर’ हे जेमतेम ७५ किलोचे विमान २०२२ साली ६४ दिवस सलग आकाशात राहिले. असे विमान ढगांच्या वर राहून टेहळणी करू शकते, वादळात मनोरे पडले तर संपर्कही जोडून देऊ शकते. बंगळुरूची राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळाही याच वाटेवर काम करते आहे.

मी नव्या बॅटरीच्या पेटीला दोन्ही बाजूंनी जाळी लावली आहे. आषाढात गडावर धुके उतरते, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा तीही हात टेकते. ऊन सगळ्यांच्या अंगणात सारखेच पडते. प्रश्न उरतो तो दिवेलागणीनंतर त्यातले किती शिल्लक आहे, याचा.