आपल्याच रक्ताचे औषध

काशीक्षेत्री गंगेच्या पश्चिम तीरावर ८४ घाट आहेत असे सांगतात. त्यांतील अहिल्याघाट, भोसलेघाट, शिंदेघाट ही नावे ऐकून मराठी यात्रेकरूला क्षणभर आपल्याच मुलखात आल्यासारखे वाटते. या घाटांच्या पायऱ्या चढताना धाप लागते ती वयस्कर छातीला; परंतु उतरताना कुरकुरू लागतो तो गुडघा. उतरणे सोपे असावे अशी सर्वसाधारण समजूत असल्यामुळे याचे अनेकांना नवल वाटते. वस्तुतः पायरी उतरताना साऱ्या देहाचा भार एका वाकलेल्या गुडघ्यावर तोलून धरावा लागतो आणि त्या क्षणी त्या सांध्यावर पडणारे दडपण शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक असते.

यात्रेकरूचे हे दुखणे चार दिवसांचे. तो गाडीत बसून घरी जातो. वाराणसीच्या रहिवाशाला मात्र त्या शहरातच पोट भरायचे असते. मदनपुरा आणि अलईपुरा या वस्त्यांतील विणकर खड्ड्याच्या मागावर पाय सोडून बसतात. पायाने पावड्या दाबायच्या आणि हाताने धोटा फेकायचा, हाच क्रम दिवसभर चालतो. नावाडी वल्हे ओढतो, ते खांद्याच्या बळावर. आखाड्यांतून जोडी आणि गदा फिरविणाऱ्या मल्लांची गोष्टही निराळी नाही. कोपर, खांदा किंवा टाच महिनोन्‌महिने दुखू लागली की अशा माणसाची केवळ झोपच जात नाही, मजुरीही जाते. म्हणूनच या दुखण्यावर कोणी नवा उपाय सांगितला तर तो खरा किती आणि खोटा किती, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने केवळ कुतूहलाचा राहत नाही.

गेल्या वीस वर्षांत असा एक उपाय लहानमोठ्या शहरांतील दवाखान्यांतून दिला जाऊ लागला आहे. रोग्याच्या दंडातून थोडे रक्त काढायचे, ते यंत्रात फिरवून त्याचा विशिष्ट अंश वेगळा करायचा आणि तोच अंश सुईने दुखऱ्या जागी परत घालायचा. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘पीआरपी’ म्हणतात. प्लेटलेट या नावाचे जे सूक्ष्म कण रक्तात असतात, त्यांनी समृद्ध केलेला रक्तद्रव, असा त्याचा अर्थ.

दुखण्याचा आणि रक्ताचा असा संबंध जोडण्याची कल्पना काशीला अपरिचित नाही. काशिराज दिवोदास धन्वंतरी यांनी सुश्रुताला शल्यतंत्र शिकविले अशी परंपरा आहे आणि सुश्रुतसंहितेची मांडणीही याच गुरुशिष्यसंवादाची आहे. तिच्या सूत्रस्थानात ओळीने तीन अध्याय येतात: एक अग्निकर्माचा, दुसरा जळवा लावण्याचा, तिसरा रक्ताच्या वर्णनाचा. स्नायू, सांधे आणि हाडे यांत वायूमुळे तीव्र वेदना होत असतील तर तेथे डाग द्यावा, असे पहिला सांगतो. दुसऱ्यात विषारी सहा आणि निर्विष सहा अशा बारा प्रकारच्या जळवांचे वर्णन आहे. राजे, श्रीमंत, बालके, वृद्ध, भित्री आणि नाजूक माणसे यांचे रक्त काढायचे तर जळवेनेच काढावे, अशी सुश्रुताची शिफारस. (राजा आणि भित्रा एकाच यादीत बसावेत, यात सुश्रुताचा मिस्किलपणा असावा की निरीक्षण, कोण जाणे!) तिसऱ्या अध्यायात रक्त हे देहाचे मूळ मानले असून वाहते रक्त थांबविण्याचे चार उपाय दिले आहेत. त्यांपैकी एकाचे नाव ‘स्कंदन’, म्हणजे रक्त साकळविणे.

सुश्रुत रक्त बाहेर काढतो, आजचा वैद्य ते परत आत घालतो. तेव्हा दोन्ही एकच असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण साकळण्याची ती क्रिया मात्र दोहोंना जोडते. रक्त साकळते ते प्रथम या प्लेटलेट कणांमुळेच, आणि हे इटलीतील ट्युरिन येथील ज्यूलिओ बिझोझेरो याने १८८२ साली दाखवून दिले. हे कण अस्थिमज्जेतील प्रचंड पेशींचे तुटून पडलेले तुकडे होत. त्यांना केंद्रक नसते, आयुष्य आठदहा दिवसांचे, आणि आकार इतका लहान की निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात ते दीड ते साडेचार लाख असतात. जखम झाली की ते तेथे धावतात, एकमेकांना चिकटतात आणि भगदाड बुजवितात. पुष्कळ काळ त्यांचे एवढेच काम माहीत होते. १९७४ मध्ये अमेरिकेत रसेल रॉस व त्यांचे सहकारी यांनी असे दाखविले की या कणांतून बाहेर पडणारा एक पदार्थ पेशींना वाढावयास आणि विभागावयास लावतो. त्यानंतर असे अनेक वर्धक पदार्थ सापडले. भिंतीचे भगदाड बुजवायला येणारा गवंडी पुढच्या बांधकामाचे सामानही पाठीवर घेऊन येतो, असाच हा प्रकार.

येथूनच ही चिकित्सा सुचली. स्नायूला हाडाशी जोडणारी जी पांढरी, चिवट दोरी तिला कंडरा म्हणतात. तिला रक्ताचा पुरवठा बेताचाच. दीर्घकाळ ताण पडून ती आतून झिजते, तिचे तंतू विस्कटतात, पण ताज्या जखमेसारखी दुरुस्तीची धावपळ तेथे होत नाही. सांध्यातील हाडांच्या टोकांवर बसविलेली गुळगुळीत कूर्चा तर याहून दीन. तिच्यात रक्तवाहिन्या मुळीच नाहीत, ज्ञानतंतूही नाहीत. (मग दुखते काय? दुखते ते कूर्चेखालचे हाड आणि सांध्याचे अस्तर.) जेथे रक्त आपण होऊन पोहोचत नाही तेथे त्याचा दुरुस्ती करणारा अंश सुईने पोहोचविला तर काय होईल, असा हा तर्क. तर्क म्हणून तो सुंदर आहे, यात शंका नाही.

कृतीही साधी आहे. रक्त साकळू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळतात आणि नळी सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात गरगर फिरवितात. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, पिवळसर रक्तद्रव वर राहतो आणि दोहोंच्या सीमेवर एक पातळ, फिकट थर जमतो. कण तेथे दाटलेले असतात. बहुधा दुसऱ्यांदा फिरवून ते थोड्या द्रवात एकवटतात आणि ते मिश्रण कोपरात, टाचेत वा गुडघ्यात घालतात. सुईनंतर दोनतीन दिवस दुखणे वाढू शकते. ॲस्पिरिनसारखी औषधे या कणांनाच निकामी करतात म्हणून ती काही दिवस टाळण्यास सांगतात. मात्र हृदयविकारासाठी जो ॲस्पिरिन घेतो त्याने आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून ती थांबविणे धोक्याचे आहे.

१९९८ मध्ये जबड्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेत या द्रवाचा उपयोग झाला. २००६ साली अमेरिकेत ॲलन मिश्रा यांनी कोपराच्या जुनाट दुखण्यावरील आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि नामांकित खेळाडूंनी या सुया घेतल्याच्या वार्ता येऊ लागताच त्यांची ख्याती झपाट्याने पसरली. उत्तेजक द्रव्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या जागतिक संस्थेने २०१० मध्ये स्नायूत हा द्रव घालण्यास बंदी केली आणि पुढच्याच वर्षी ती उठविली. खेळाडूला अंगी अवाजवी बळ येईल अशी भीती होती; तसे काही दिसून आले नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. सुई घेतल्यावर रोग्याला बरे वाटते, हे खरे. पण जुनाट दुखण्याचा स्वभावच चढउताराचा असतो. ते असह्य झाले म्हणजेच माणूस दवाखान्याची पायरी चढतो, आणि त्यानंतर ते काहीसे उतरणारच असते. त्यातून सुई, यंत्र, आपलेच रक्त, मोजलेले पैसे आणि डॉक्टरांचा विश्वास, इतक्या गोष्टी एकत्र आल्या की मनाचाही वेदनेवर परिणाम होतो. तेव्हा ‘बरे वाटले का’ एवढे विचारून भागत नाही. ‘नुसते मिठाचे निर्जंतुक पाणी टोचले असते तर किती बरे वाटले असते’ हे विचारावे लागते. त्यासाठी सर्वांचेच रक्त काढतात, पिचकारीवर आवरण घालतात आणि कोणाला रक्तद्रव मिळाला, कोणाला पाणी, हे रोग्याला कळू देत नाहीत.

२०१० साली हॉलंडमध्ये टाचेमागच्या कंडरेच्या दुखण्यावर ५४ रोग्यांची अशी परीक्षा झाली. दोन्ही गट सुधारले. दोहोंत फरक पडला नाही. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये २४० रोग्यांत हेच दिसले. कोपराच्या बाबतीत कथा थोडी फसवी आहे. हॉलंडमधीलच १०० रोग्यांच्या एका तुलनेत वर्षअखेर रक्तद्रवाने स्टिरॉइडच्या सुईवर मात केली आणि याचा मोठा गाजावाजा झाला. परंतु २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात असे आढळले की स्टिरॉइड घेतलेल्यांचे कोपर वर्षानंतर पाणी टोचलेल्यांपेक्षाही मागे राहते. जो स्वतःच पाण्याशी हरतो त्याला हरविले, म्हणून विजयाची पताका लावता येत नाही. तीसहून अधिक चाचण्यांचा एकत्र विचार करणाऱ्या २०२१ च्या एका आढाव्याने कोपराला या सुयांचा जाणवण्याजोगा लाभ बहुधा होत नाही, असाच निष्कर्ष काढला.

गुडघ्याविषयी मात्र आपल्याच देशातील एक चांगली साक्ष उलट बाजूची आहे. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यक संस्थेत संदीप पटेल, मनदीप धिल्लन व त्यांचे सहकारी यांनी ७८ रोग्यांच्या दोन्ही गुडघ्यांवर हा प्रयोग करून तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. रक्तद्रव मिळालेल्यांना पाणी मिळालेल्यांपेक्षा स्पष्ट आराम पडला. दोन सुयांनी एका सुईपेक्षा अधिक काही साधले नाही. आणि सहा महिन्यांच्या सुमारास लाभ ओसरू लागला. पुढे २०२१ साली सिडनी आणि मेलबर्न येथे २८८ रोग्यांवर मोठी परीक्षा झाली. दहा अंशांच्या मोजपट्टीवर वर्षभरात रक्तद्रवाने वेदना २.१ अंशांनी उतरली आणि पाण्याने १.८ अंशांनी. कूर्चेच्या झिजेतही भेद नव्हता. टीकाकार म्हणाले की त्या द्रवात कण पुरेसे दाट नव्हते. हा आक्षेप पोकळ नाही. गोळीवर औषधाचे प्रमाण छापलेले असते. हे औषध मात्र प्रत्येक रोग्यागणिक, प्रत्येक यंत्रागणिक बदलते. एकात पांढऱ्या पेशी भरपूर, दुसऱ्यात जवळजवळ नाहीत. आणि दोहोंचे नाव एकच! तथापि ही अडचण संशोधकाची आहे तशीच ती सुई देणाऱ्याचीही आहे. आपल्या पिचकारीत किती कण आहेत हे न मोजता जो हमी देतो, त्याच्या हमीला अर्थ उरत नाही.

जुन्या उपायांनाही हीच कसोटी लागते. जर्मनीत एसेन येथे २००३ मध्ये दुखऱ्या गुडघ्यावर जळवा लावून ५१ रोग्यांची परीक्षा झाली आणि आठवड्याभरात वेदना मलमापेक्षा अधिक उतरली. सुश्रुताच्या अभिमान्यांनी याने हुरळून जाऊ नये. कारण अंगावर जळू बसली आहे की मलम चोळले आहे, हे रोग्यापासून लपविणार कसे? याउलट काशी हिंदू विश्वविद्यालयात शल्यतंत्राचे प्राध्यापक पी. जे. देशपांडे यांनी भगंदरावरील क्षारसूत्राचे पुनरुज्जीवन केले. ते केवळ ग्रंथप्रामाण्यावर थांबले नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत शस्त्रक्रियेशी त्याची तुलना केली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात व्रण भरण्यास क्षारसूत्राने अधिक आठवडे घेतले, पण रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर शेकडा ११, तर क्षारसूत्रानंतर शेकडा ४ आढळले. काय गमावले आणि काय मिळविले, दोन्ही आकड्यांत मांडलेले! रक्तद्रवाच्या सुईविषयी असे निःसंदिग्ध उत्तर अद्याप मिळालेले नाही.

मग विणकराने काय करावे? टाचेच्या कंडरेसाठी स्वीडनमध्ये हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये एक व्यायाम प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून दुखरी टाच सावकाश खाली सोडायची. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून. दिवसातून दोनदा, बारा आठवडे. त्याला यंत्र लागत नाही, फक्त एक पायरी लागते, आणि काशीत तिचा तुटवडा नाही. गुडघ्यासाठी मांडीचे स्नायू बळकट करणे आणि वजन उतरविणे यांचा लाभ अनेक परीक्षांतून ठरलेला आहे. मागावरची बैठक बदलणे, अधूनमधून उठणे, वल्ह्याचा हात बदलणे हेही उपायच होत. फक्त त्यांची जाहिरात कोणी करीत नाही.

एवढे करूनही गुडघा हटत नसेल, झीज फार पुढे गेलेली नसेल आणि खर्च झेपत असेल, तर जाणत्या अस्थिवैद्याकडून ही सुई घेऊन पाहण्यात गैर काही नाही. रक्त स्वतःचेच असल्यामुळे ते अंगाला न मानवण्याची भीती फारशी नाही. मात्र स्वच्छतेत हयगय झाली तर सांध्यात पू होऊ शकतो. पैसे मोजण्यापूर्वी रोग्याने कणांचे प्रमाण मोजले जाते का, पांढऱ्या पेशी काढल्या जातात का, सुया किती आणि त्या का, व्यायाम कोणता, हे विचारावे. तीन सुयांचा संच एकदम घ्या असे कोणी म्हणाल्यास, एकीनंतर काय होते ते आधी पाहू, असे सांगण्याचा रोग्याला पूर्ण अधिकार आहे. झिजलेली कूर्चा या सुईने पुन्हा नवी होते असे मात्र कोणी सांगू लागला, तर तेथून उठून यावे.