ब्रॅडी हाउसचे कागद लंडनच्या कोर्टात

पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईच्या फोर्टातल्या ब्रॅडी हाउस शाखेतला घोटाळा २०१८च्या सुरुवातीला उघडकीस आला, तेव्हा त्यातला मुख्य आरोपी, हिरेव्यापारी नीरव मोदी देशाबाहेर पडला होता. मार्च २०१९मध्ये त्याला लंडनमध्ये अटक झाली. ‘मग पाठवत का नाहीत त्याला?’ हा प्रश्न मुंबईत तेव्हापासून विचारला जातो. उत्तर हवे असेल तर प्रत्यार्पणाच्या अशा प्रकरणात तिथला बॅरिस्टर नेमके काय करतो, ते पाहावे लागते.

आपल्याकडे बॅरिस्टर म्हटले की १९२२ साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेले डॉ. आंबेडकर आठवतात. इंग्लंडमध्ये वकिलीचे काम आजही दोघांत वाटलेले असते. सॉलिसिटर अशिलाला भेटतो आणि कागद जमवतो. बॅरिस्टर मुद्दा बांधतो आणि कोर्टात उभा राहतो. बहुतेक बॅरिस्टर कुणाच्या नोकरीत नसतात, त्यामुळे आज सरकारतर्फे लढणारी व्यक्ती उद्या आरोपीतर्फे उभी राहू शकते. मोदीच्या प्रकरणात भारत सरकारच्या वतीने क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस या तिथल्या सरकारी अभियोग विभागाने हेलन माल्कम यांना उभे केले. मोदीतर्फे होत्या क्लेअर माँटगोमेरी; विजय मल्ल्याची बाजूही त्यांनीच मांडली होती. अशांची बाजू घेतात तरी कशी, असा राग आपल्याला येतो. मला मात्र ही रीत मोलाची वाटते. समोर तोडीचा वकील असताना मिळवलेला निकाल अपिलात टिकतो.

भारतातर्फे पहिले काम होते बँकेचा व्यवहार न्यायाधीशासमोर उलगडून ठेवण्याचे. आयातदाराला परदेशात पैसे द्यायचे असतात. त्याची बँक ‘लेटर ऑफ अंडरटेकिंग’ म्हणजे हमीपत्र देते आणि त्या भरवशावर दुसऱ्या भारतीय बँकेची परदेशी शाखा कर्ज देते. हमी देणाऱ्या बँकेने ग्राहकाकडून तारण घ्यायचे आणि व्यवहाराची नोंद कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मध्यवर्ती संगणक यंत्रणेत करायची, हा नियम. आरोप असा, की ब्रॅडी हाउसमधून तारणाशिवाय हमीपत्रे निघत राहिली. बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशांच्या स्विफ्ट यंत्रणेवरून संदेश बाहेर जात, पण कोअर बँकिंगमध्ये त्यांचा मागमूस नसे. जुने कर्ज फेडायला नवे हमीपत्र, आणि दर खेपेला आकडा वाढलेला. रिझर्व्ह बँकेने १३ मार्च २०१८ रोजी ही हमीपत्रेच बंद केली.

यापुढचा भाग सगळ्यात अवघड, आणि बॅरिस्टरचा कस इथेच लागतो. आरोप भारतीय कायद्याखालचे असले, तरी तेच वर्तन इंग्लंडमध्ये घडले असते तर तिथेही गुन्हा ठरला असता, हे दाखवावे लागते. बचावाचा सवाल नेमका होता: बँकेचे अधिकारीच हमीपत्रे देत होते, तर फसवले कोणाला? मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती अभय ठिपसे यांनी व्हिडिओवरून बचावातर्फे साक्ष दिली. अधिकाऱ्यांनी आपल्या अधिकारात हमीपत्रे दिली असतील, तर भारतीय कायद्याने ती फसवणूक होत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

इंग्लिश कायद्यात या सवालाला उत्तर आहे. २००६च्या फसवणूकविषयक कायद्यात खोटे सांगणे हा जसा गुन्हा आहे, तसाच विश्वासाच्या पदाचा गैरवापर हाही आहे. शिवाय दोघांनी मिळून अप्रामाणिकपणे तिसऱ्याच्या आर्थिक हिताला धक्का लावायचे ठरवले, तर तो फसवणुकीचा कट होतो. त्यासाठी कोणाला खोटे सांगितलेच पाहिजे असे नाही. म्हणजे अधिकारी सामील होता या गोष्टीने बचाव होत नाही; उलट, कटाचा आरोप तिच्यावरच उभा राहतो.

न्यायाधीशाला दोषी ठरवायचे नव्हतेच. भारतात खटला चालवण्याइतका प्रथमदर्शनी पुरावा आहे का, हे पाहायचे होते. वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट्स कोर्टाचे सॅम्युएल गूझी यांनी २५ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘आहे’ असा निकाल दिला. फसवणुकीच्या कटाबरोबर मनी लाँडरिंग, पुरावे नष्ट करणे आणि साक्षीदारांना धमकावणे या आरोपांबाबतही त्यांचे तेच मत पडले. एप्रिलमध्ये गृहमंत्री प्रीती पटेल यांनी प्रत्यार्पणाच्या आदेशावर सही केली.

लंडनच्या हायकोर्टातल्या अपिलात हमीपत्रे मागे पडली आणि मोदीला जिथे ठेवले जाणार होते, ती मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची १२ नंबरची बराक पुढे आली. २००३च्या प्रत्यार्पण कायद्यात एक कलम आहे: माणसाच्या शरीराची वा मनाची स्थिती अशी असेल की त्याला पाठवणे अन्यायाचे किंवा जुलमाचे होईल, तर पाठवता येत नाही. मोदीला नैराश्य आहे, तो जीव देईल, असा बचाव मांडला गेला. दोन मनोविकारतज्ज्ञांची साक्ष झाली. बॅरिस्टरला इथे बँकेचे खाते बाजूला ठेवून तुरुंगातली कोठडी, डॉक्टरांची सोय आणि सरकारी आश्वासने यांवर बोलावे लागते. भारताने दिलेली आश्वासने कोर्टाने ग्राह्य धरली आणि ९ नोव्हेंबर २०२२ रोजी अपील फेटाळले. डिसेंबरमध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात जायची परवानगीही नाकारली.

आपल्या तुरुंगांची अवस्था हा लंडनच्या कोर्टात पुराव्याचा विषय होतो, हे आपण नीट लक्षात घ्यायला हवे. आरोपी परत आणायचा, तर ब्रॅडी हाउसच्या नोंदींइतकीच आर्थर रोडची बराकही चोख हवी.

सुप्रीम कोर्टाची वाट बंद झाल्यावरही मोदीची रवानगी लगेच झाली नाही. मे २०२५मध्ये लंडनच्या हायकोर्टाने त्याला पुन्हा एकदा जामीन नाकारला, तेव्हाही तो इंग्लंडच्याच तुरुंगात होता.