यजमानांच्या पायांतली चप्पल

साडी घेताना आपण पदर उलगडून पाहतो, पोत बोटांनी चाचपतो, रंग दुकानाबाहेरच्या उजेडात नेऊन बघतो. घरातल्या पुरुषाची चप्पल मात्र "आठ नंबर द्या हो, काळी" एवढ्या एका वाक्यात घेतली जाते. पुष्कळदा पुरुष दुकानात नसतोच. बाजारहाट करता करता आपणच ती पिशवीत टाकतो. मग ती टाचेकडून झिजून पापडासारखी होते, पट्टा भोकातून निसटू लागला की खालून सेफ्टी पिन अडकवली जाते. आणि एका सकाळी उठून पहिले पाऊल टेकताच टाचेतून कळ निघते, तेव्हा सगळ्यांना वय आठवते. चप्पल कोणालाच आठवत नाही.

टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड बंध असतो. तळव्याची कमान तो धरून ठेवतो. दुकानात, वर्गात, कारखान्यात तासन्‌तास उभे राहणाऱ्याच्या या बंधावर ताण येतो, आणि खाली साफ सपाट, लिबलिबीत स्लिपर असेल तर आणखीच. शिवाय नुसत्या अंगठ्याच्या पट्ट्यावर लटकणारी स्लिपर सुटू नये म्हणून दर पावलाला बोटे आवळावी लागतात. आपल्याला ते कळत नाही, पोटऱ्यांना कळते!

तेव्हा यजमानांना बरोबर घेऊनच जावे, आणि तेही संध्याकाळी. दिवसभरात पाय थोडे फुगतात. सकाळी बरोबर बसलेली चप्पल संध्याकाळी काचते. दोन्ही पायांत घालून दुकानात चार फेऱ्या मारायला लावाव्यात. पुरुषांना याची लाज वाटते, पण दुकानदाराला सवय असते. टाच किंवा बोटे कडेबाहेर येता कामा नयेत. मग चप्पल हातात घेऊन वाकवावी. ती बोटांच्या मुळाशी वाकली तर ठीक. मधोमध घडी पडत असेल किंवा ओल्या फडक्यासारखी पिळता येत असेल, तर सरळ परत द्यावी. टाचेखाली अंगठा दाबावा: थोडा रुतावा, पण सोडताच रबर वर यावे. कमानीखाली जरासा उंचवटा आणि टाचेला बसायला उथळ खळगा असला तर उत्तम. पट्टा रुंद आणि आतून मऊ हवा.

कोल्हापुरीबद्दल विचाराल, तर तिचा डौल आणि टिकाऊपणा मला मान्यच आहे. महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून २०१९ मध्ये तिचे भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तिचा तळ सपाट आणि कडक. लग्नकार्याला, फिरायला छान. आठ तास उभे राहायला किंवा पावसात नको. खाली टायरचा सोल मारून घेतला की घसरत नाही आणि आयुष्यही वाढते. भिजलीच तर उन्हात न टाकता सावलीत वाळवावी.

यजमानांना मधुमेह असेल, तर मात्र सगळा हिशेब बदलतो. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी होऊ शकते. चप्पल पायातून निसटली तरी पत्ता लागत नाही. अंगठ्याजवळ पट्टा घासून फोड येतो, तो दुखत नाही, म्हणून चिघळेपर्यंत दिसत नाही. अशा जखमेपायी बोट, कधी पाऊलही गमवावे लागते. म्हणून अंगठ्याची चप्पल त्यांना नकोच. वर रुंद पट्टे आणि मागे टाचेला पट्टा असलेली, आतून मऊ सच्छिद्र रबराची आणि खालून टणक सोलची चप्पल घ्यावी. ही 'एमसीआर' चप्पल म्हणून मिळते. संवेदना गेलेल्या कुष्ठरुग्णांच्या पायांसाठी आपल्याकडे ती आधी वापरात आली. ती खिळे न ठोकता केलेली असावी. दिसायला साधी असते, यजमान नाक मुरडतील, मुरडू द्यावे. रोज रात्री त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या आपण स्वतः उजेडात पाहाव्यात. जखम दिसली तर घरगुती मलमावर दिवस न काढता डॉक्टरांकडे जावे.

टाचदुखी असणाऱ्यांनी आणि मधुमेह्यांनी घरातही फरशीवर अनवाणी चालू नये. सासूबाईंना हे रुचणार नाही. यासाठी एक वेगळा धुतलेला जोड घरातच ठेवावा आणि तो देवघराच्या उंबऱ्याशी काढावा, म्हणजे कोणाचेच मन दुखत नाही.

"अजून चालतेय की!" हे यजमानांचे ठरलेले उत्तर. जुनी चप्पल टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवावी आणि मागून पाहावे. टाच एका बाजूला कललेली दिसली किंवा तळव्याचा खड्डा पडला असला, की ती काढावी. "न्हाणीघरात वापरू" म्हणून मात्र ठेवू नये; झिजलेला तळ ओल्या फरशीवरच आधी घसरतो.